बर्ड फ्लूविषयी कोकणात फिरणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

कुठे कोंबड्या मेल्याची किंवा किनाऱ्यावर कावळे पडल्याची बातमी आली, की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच संदेश थोड्याफार फरकाने पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा : चिकन किंवा अंडे खाल्ले की बर्ड फ्लू होतो आणि एकदा झाला की माणूस वाचत नाही, नागपूरचे वाघ चिकन खाऊनच मेले, हा रोग ब्रॉयलरचा आहे, तेव्हा गावठी कोंबडी निर्धास्त खा, तो आता माणसामाणसांत पसरू लागला आहे, खाडीतले मासेही टाळा, कापूर हुंगा, आणि सरकार कंपन्यांच्या फायद्यासाठी निरोगी कोंबड्या मारते आहे. यातल्या काही वाक्यांत सत्याचा कण आहे, म्हणून तो लोकांना पटतो. माझा त्यावरचा मुख्य आक्षेप असा की, जिथे धोका जवळजवळ नाही तिथे तो माणसांना घाबरवतो आणि जिथे तो खरोखर आहे तिथे बेफिकीर करतो.

पहिला दावा खाण्याचा. बर्ड फ्लूचा विषाणू उष्णतेपुढे टिकत नाही. मांसाच्या आतल्या भागापर्यंत 70 अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की तो नष्ट होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे वड्यांबरोबरचा कोंबडीचा रस्सा चुलीवर रटरट उकळतो, तेव्हा तो या तापमानाच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. हाडाजवळचे मांस गुलाबी राहिलेले नाही आणि अंड्याचा बलक घट्ट झाला आहे, एवढे पाहिले तर ताटातल्या पदार्थाला भिण्याचे कारण नाही. साथीच्या दिवसांत अर्धकच्चे उकडलेले अंडे आणि दुधात फेटून घेतलेले कच्चे अंडे मात्र टाळावे. ज्या विळीवर किंवा पाटावर कच्चे मांस कापले, तिच्यावर न धुता कांदा-कोथिंबीर चिरू नये.

वाघांचे उदाहरण खरे आहे. डिसेंबर 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात 3 वाघ आणि 1 बिबट्या दगावले आणि भोपाळच्या प्रयोगशाळेतल्या तपासणीत त्यांना एच5एन1 या बर्ड फ्लूच्या विषाणूची लागण झाल्याचे आढळले. परंतु वाघ मांस शिजवून खात नाही. संशय ज्या मांसावर घेतला गेला ते कच्चे होते, हे संदेशात कोणी लिहीत नाही. मार्च 2025 मध्ये आंध्र प्रदेशात 2 वर्षांची एक मुलगी याच विषाणूने दगावली. घरी कोंबडी कापत असताना तिला कच्च्या मांसाचा तुकडा दिला गेला होता, असे कुटुंबीयांनी सांगितल्याचे वृत्तपत्रांत आले होते. ही बातमी मी पुन्हापुन्हा सांगतो, कारण आपल्याकडेही कोंबडी सोलताना लहान मुले भोवती कोंडाळे करून बसलेली असतात.

गावठी कोंबडी सुरक्षित असते, हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. या विषाणूचे नैसर्गिक घर म्हणजे रानटी बदके आणि इतर पाणपक्षी. त्यांच्या विष्ठेतून तो पाण्यात आणि मातीत येतो. बंदिस्त पोल्ट्रीतली कोंबडी निदान छताखाली असते. आपली परसातली कोंबडी मात्र दिवसभर उकिरडा उकरते, मळ्यातल्या डबक्यातले पाणी पिते, कावळ्यांनी टाकलेले खरकटे टिपते आणि संध्याकाळी खुराड्यात परतते. थंडीत आपल्या किनाऱ्यावर कुरव उतरतात, खाड्यांत बदके येतात, आणि त्यांच्या व कोंबडीच्या मध्ये कसलीही भिंत नसते. जानेवारी 2021 मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांचे नमुने बर्ड फ्लूसाठी बाधित आले होते. जानेवारी 2025 मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात हा रोग आला तो परसातल्या कोंबड्यांतच. देशातली पहिली मोठी साथ 2006 मध्ये नवापूरच्या पोल्ट्र्यांत आली होती हे खरे. म्हणजेच हा रोग दोन्हीकडे येतो आणि कोंबडीची जात पाहून येत नाही.

गेल्या पावसाळ्यात वाडीतल्या एका काकींच्या पडवीत मी उभा होतो. डालग्याखाली एक तलंग पिसे फुलवून, मान टाकून बसली होती. खाली हिरवट पातळ विष्ठा पडली होती. आदल्या दिवशी दोन कोंबड्या मेल्या होत्या. काकींनी विळी धुऊन ठेवली होती आणि पिसे काढण्यासाठी चुलीवर पाणी चढवले होते. मला म्हणाल्या, "मरायच्या आधी कापतंय, नायतर फुकट जायची. ही काय ब्रॉयलर नाय." हे शेवटचे वाक्य त्याच संदेशातून आलेले होते. मी हात जोडून त्यांना थांबवले आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवले. नमुना तपासून आला तेव्हा ती मानमोडी, म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग, निघाली. पण मानमोडी आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे इतकी सारखी असतात की, नुसत्या नजरेने फरक सांगणे जाणकारालाही अवघड जाते. आजारी कोंबडी मरण्याआधी कापणे, तिची पिसे उपटणे, आतडी काढणे, यांत रक्त आणि स्राव हाताला लागतात, त्यांचे तुषार नाकातोंडात आणि डोळ्यांत जातात. जगभर माणसांना जी लागण झाली, तिच्यामागे बहुतेक वेळा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी आलेला असाच निकटचा संपर्क आहे. देवाला राखणेचा कोंबडा देतानाही हेच लक्षात ठेवावे : तो धडधाकट आणि चरणारा असावा, आणि कापणाऱ्याने नंतर हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत. देवाच्या कामात यामुळे काही उणे पडत नाही.

"झाला की माणूस वाचत नाही" यामागे एक खरा आकडा आहे. 2003 पासून जगात एच5एन1 ची 900 हून अधिक माणसांना लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यांतले जवळपास निम्मे दगावले. मात्र हे प्रमाण नोंद झालेल्या रुग्णांचे आहे, आणि नोंद प्रामुख्याने त्यांचीच होते जे अत्यवस्थ होऊन रुग्णालयात पोहोचतात. अमेरिकेत 2024 पासून दुभत्या गाईंमध्ये हा विषाणू पसरला, तेव्हा गोठ्यांत आणि पोल्ट्रीत राबणाऱ्यांची पद्धतशीर तपासणी झाली. सुमारे 70 बाधित सापडले आणि त्यांतल्या बहुतेकांना डोळे लाल होण्यापलीकडे फारसे काही झाले नाही. तिथला विषाणूचा प्रकार थोडा वेगळा आहे, त्यामुळे त्यावरून निर्धास्त होऊ नये. 2021 मध्ये हरियाणातला 11 वर्षांचा मुलगा दिल्लीत याच रोगाने गेला, तो भारतातला पहिला नोंदलेला मृत्यू होता. इतक्या मोठ्या देशात, 2006 पासून इतक्या साथी येऊनही असे मृत्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, हेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

माणसामाणसांत हा रोग सहज पसरत नाही, याचे कारण शरीररचनेत आहे. हा विषाणू पेशींवरच्या ज्या रेणूंना धरतो, ते माणसाच्या नाकाघशात विरळ असतात. फुफ्फुसांच्या खोल भागात आणि डोळ्यांच्या आवरणात ते अधिक असतात. म्हणून तो सहसा लागत नाही, आणि खोलवर पोहोचला तर गंभीर होतो. विषाणू बदलत असतात, त्यामुळे शास्त्रज्ञ त्यावर सतत लक्ष ठेवून आहेत.

माशांपासून माणसाला बर्ड फ्लू झाल्याची नोंद नाही. बांगडा आणि सुरमई खुशाल खावी. कापराने विषाणू मरत नाही आणि प्रतिजैविकांचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. ओसेल्टामिविर हे औषध उपयोगी पडते, मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि लवकर, शक्यतो पहिल्या 48 तासांत सुरू व्हावे लागते. म्हणून आजारी कोंबड्या हाताळल्यानंतर 10 दिवसांच्या आत ताप, खोकला किंवा डोळ्यांची लाली आली, तर त्या कोंबड्यांची गोष्ट डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगावी.

राहिला कोंबड्या मारण्याचा आरोप. रोग निश्चित झाल्यावर सुमारे 1 किलोमीटर परिसरातले पाळीव पक्षी मारले जातात, कारण वरून निरोगी दिसणारा पक्षीही आतून विषाणू बाहेर टाकत असतो. अंड्यांवर घर चालवणाऱ्या बाईचे खुराडे एका दिवसात रिकामे होते, हे दुःख खरे आहे, आणि त्यासाठी भरपाईची तरतूद आहे. ती वेळेवर मिळावी यासाठी ग्रामपंचायतीने पाठपुरावा केलाच पाहिजे. पण या भीतीने मेलेल्या कोंबड्या रात्री खाडीत टाकल्या जातात किंवा आजारी कोंबड्या बाजाराच्या दिवशी स्वस्तात विकल्या जातात, तेव्हा रोग शेजारच्या गावात आपणच नेऊन सोडतो. एकाच वेळी अनेक पक्षी मेलेले दिसले, तर त्यांना हात लावू नये, कुत्र्या-मांजरांना आणि मुलांना तिकडे फिरकू देऊ नये, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवावे : पक्षी किती, कोणते, पहिला कधी मेला, आणि आतापर्यंत त्यांना कोणी हाताळले.