मी काहीच केलं नाही हो!

सकाळी नऊ चाळीसला आमच्या आयटी विभागात फोन. "अहो, तुमचं ते कॉम्प्युटर पुन्हा अडकलंय." माझं? चालतंय तोवर त्यांचं, बिघडलं की माझं! तिकीट टाका, म्हणजे रीतसर तक्रार नोंदवा म्हटलं, तर "दोन मिनिटांचं काम, त्याला कशाला तिकीट!" मग चढा तीन जिने. लिफ्ट बंद. (तीही आयटीनंच दुरुस्त करावी असं काहींचं मत आहे.)

रीस्टार्ट केलं होतं का? "रोज संध्याकाळी बंद करूनच घरी जातो." टास्क मॅनेजर उघडला. अप टाइम, म्हणजे रीस्टार्ट न होता सलग चालल्याचा काळ, २३ दिवस! आणि वैताग असा, की साहेब खोटं बोलत नव्हते. विंडोज ८ पासून ते फास्ट स्टार्टअप आहे ना, त्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो, सकाळी तोच परत उचलतात. खरी नव्यानं सुरुवात होते ती रीस्टार्टनं. हे सांगायला लागलो, तर साहेब चहा ढवळत म्हणाले, "ते तुमचं तुम्ही बघा, मला एक्सेल उघडून द्या."

रीस्टार्ट मारला. एक्सेल उघडलं. "बघा, तुम्ही आलात की आपोआप चालतं!"

आपोआप!

खाली पोचतोय तोवर त्याच मजल्यावरून दुसरा फोन. प्रिंटर बिघडलाय म्हणे. परत वर. कागद संपला होता.