क्लबचा मोठेपणा त्याच्या सगळ्यात खालच्या संघावरून ठरवा

भारताच्या महिला फुटबॉल संघाची गोलकीपर अदिती चौहान निवृत्त झाली तेव्हापासून एक प्रश्न मला अधूनमधून विचारला जातो. "लंडनच्या वेस्ट हॅम क्लबकडून खेळलेली मुलगी आइसलँडच्या तिसऱ्या पातळीवरच्या लीगमध्ये कशाला गेली होती?" २०२१ मध्ये ती आली तेव्हाही हाच सूर होता. कौतुक थोडं आणि नाकं मुरडणं जास्त. मी दक्षिण आइसलँडमध्ये राहते, माझी मुलगी इथेच फुटबॉल शिकते आहे, आणि अदिती ज्या क्लबकडून खेळली तो हामार क्लब आमच्या घरापासून फार लांब नाही. त्यामुळे याचं उत्तर एकदा नीट द्यायचंच होतं.

हामार हा ह्वेरागेर्दी गावचा क्लब. रेक्याविकहून पूर्वेला निघालं की साधारण ४५ किलोमीटरवर, हेल्लिसहेइदीचं माळरान ओलांडून घाटाची वळणं उतरलात की खाली हे गाव दिसतं. वस्ती तीन हजारांच्या आसपास. गावाखालची जमीन तापलेली आहे. डोंगराच्या कुशीतून, कधी तर घरांच्या परसातूनही वाफ निघते. त्याच उष्णतेवर इथली काचघरं चालतात. टोमॅटो, काकडी, फुलं आणि कृषी विद्यापीठाच्या काचघरात चक्क केळी पिकतात. लौगास्कार्दचा ५० मीटरचा तरणतलाव १९३८ पासून याच वाफेवर गरम होतो. २००८ च्या मे महिन्यात ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने हा सगळा पट्टा हादरला होता. अशा या गावात १९९२ साली हामार स्थापन झाला. योगायोग असा की अदितीचा जन्मही १९९२ चाच.

आता मुद्द्याचं. हामार हा फुटबॉल क्लब आहे असं म्हणणं अर्धवट होईल. फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, पोहणं, सगळं एकाच छत्राखाली. प्रत्येक खेळाचा विभाग वेगळा, पण नाव एक आणि रंग एक. पुरुषांच्या व्हॉलीबॉल संघाने २०२१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद घरी आणलं. महिलांचा बास्केटबॉल संघ २०१० मध्ये अंतिम मालिकेपर्यंत गेला आणि रेक्याविकच्या केआर क्लबशी ३-२ असा हरला. २१८ सेंटीमीटर उंचीचा रागनार नाथानाएल्सन, जो आइसलँडच्या राष्ट्रीय बास्केटबॉल संघात होता, तो याच गावचा. आणि फुटबॉल? पुरुषांचा संघ गेली कित्येक वर्षं देशाच्या अगदी खालच्या विभागांत खेळतो आहे. महिलांचा संघ अदिती आली तेव्हा तिसऱ्या पातळीवर होता.

म्हणजे या क्लबचा फुटबॉल हा त्यांचा सगळ्यात यशस्वी खेळ नाही. तरीही तो बंद होत नाही, आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. व्हॉलीबॉलमध्ये विजेतेपद मिळालं म्हणून फुटबॉलचा गाशा गुंडाळला नाही. जो मुलगा व्हॉलीबॉलमध्ये रमत नाही त्याला मैदान आहे, जी मुलगी फुटबॉलला कंटाळली तिला पलीकडे बॅडमिंटनचं जाळं लावलेलं आहे. बारा-तेरा वर्षांचं पोर खेळ बदलतं, पण क्लब बदलत नाही. त्या वयात खेळ कायमचा सुटतो तो बहुतेक वेळा अशी दुसरी वाट नसल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

हे सगळं चालतं कसं, ते जवळून बघण्यासारखं आहे. आमच्याकडे एखाद्या संध्याकाळी बेल वाजते. दारात दोन-तीन मुली, अंगात क्लबचं जॅकेट, हातात यादी. "टॉयलेट पेपर हवा का?" आइसलँडमध्ये राहिलेल्या कुणालाही हे नवीन नाही. स्पर्धेच्या प्रवासाचे पैसे उभे करायला मुलं दारोदार जाऊन टॉयलेट पेपरचे मोठाले गठ्ठे विकतात. आम्ही दरवेळी घेतो, आणि माळ्यावर तो साठा कायम असतो. प्रशिक्षकाला मानधन असतं आणि बहुतेक वेळा युएफाचं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाचं, रीतसर प्रशिक्षणही झालेलं असतं, अगदी सात वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्याचंसुद्धा. पण बाकी मैदानाची आखणी, कॉफीचा स्टॉल, पाहुण्या संघाची सोय, ही सगळी कामं आई-बापांच्या अंगावर. नगरपालिका मुलाच्या फीसाठी अनुदान देते. राष्ट्रीय लॉटरीच्या उत्पन्नातला वाटाही खेळाकडे येतो.

मुलांच्या स्पर्धांमध्ये एकाच क्लबचे अ, ब, क, ड असे संघ उतरतात. कोपावोगुरमध्ये ब्रेदाब्लिक क्लब मुलींची सिमामोतिद नावाची प्रचंड स्पर्धा भरवतो, तिथे गावोगावच्या पोरी शाळेच्या वर्गांत गाद्या टाकून झोपतात. ड संघातल्या मुलीचा सामनाही तितक्याच गंभीरपणे लावला जातो, तिलाही पंच मिळतो, तिच्याही गोलवर कुणीतरी घसा फोडून ओरडतं. माझी मुलगी ड संघात आहे. ती राष्ट्रीय संघात जाणार नाही हे मला दिसतं आहे, पण पंधराव्या वर्षीही ती खेळत असेल याची मला जवळजवळ खात्री आहे.

याचा फायदा नुसत्या फुटबॉलपुरता राहत नाही. १९९८ मध्ये आइसलँडमधल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्क्यांनी गेल्या महिनाभरात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं. २०१६ पर्यंत तो आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यामागे रात्री बाहेर राहण्याच्या वेळेवरचं बंधन होतं, पालकांचे करार होते, आणि हे क्लबही होते. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला २-१ असं हरवलं तेव्हा सगळं जग या देशाच्या संघाकडे बघत होतं. त्या संघाच्या खाली शेकडो ड संघ आहेत, ते कुणाला दिसले नाहीत.

आता अदितीकडे येते. २०२१ मध्ये भारतात महिलांची राष्ट्रीय लीग झालीच नाही. करोनामुळे २०२० नंतर ती थेट २०२२ मध्ये भरली. एवढ्या अवाढव्य देशात राष्ट्रीय संघाच्या गोलकीपरला सामने नव्हते, आणि तीन हजार वस्तीच्या गावात महिलांचा संघ होता, लीग होती, ठरलेलं वेळापत्रक होतं. नाक मुरडायचंच असेल तर कुठे मुरडायचं ते तुम्हीच ठरवा. गोलकीपरला सराव पुरत नाही, तिला सामने लागतात. नेमक्या वेळी पुढे धावून येण्याचा निर्णय, पावसात घसरणारा चेंडू, आपल्याच बचाव फळीवर ओरडून तिला जागेवर आणणं, हे सामन्यातच अंगवळणी पडतं. हामारचं मैदान ग्रिलुवोत्लुर, मागे डोंगर, त्यावरून उठणाऱ्या वाफेच्या रेघा, आणि वारा असा की गोलकिक निम्म्या वाटेतून परत येईल की काय असं वाटावं. अशा ठिकाणी खेळलेली ही मुलगी जानेवारी २०२२ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या आशियाई चषकात इराणविरुद्ध भारताच्या गोलमध्ये उभी होती. सामना ०-० सुटला, भारताने गोल खाल्ला नाही. पुढे संघात करोना पसरला आणि भारताला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं, त्याचं दुःख मला अजून आहे.

छोट्या क्लबचं सगळं गोड असतं असं मी म्हणणार नाही. चांगली खेळणारी मुलं सोळा-सतराव्या वर्षी जवळच्या सेल्फॉस गावाला किंवा रेक्याविकला जातात. एखाद्या वयोगटात अकरा मुलं जमत नाहीत. मग शेजारच्या थॉरलाक्सहॉफ्न गावाबरोबर एकत्र संघ करावा लागतो. महिलांच्या बास्केटबॉलमध्ये हामार आणि थॉरलाक्सहॉफ्नचा थोर या दोन क्लबांचा एकत्र संघ आहेच. काही जुन्या लोकांना हे रुचत नाही, आपलं नाव पुसलं जाईल अशी भीती वाटते. मला मात्र हे शहाणपणाचं वाटतं. 'हामार/थोर' अशी नावात तिरकी रेघ आली तरी चालेल, पण मुलींना खेळायला संघ हवा.

आणि निसर्ग आहेच. २०१२ मध्ये गावाने हवेच्या दाबावर उभा राहणारा मोठा घुमट बांधला होता, हामार्सहोल. हिवाळ्यात फुटबॉलचा सराव त्यातच व्हायचा. २०२२ च्या फेब्रुवारीत वादळाने तो फाडून टाकला. सकाळी लोकांनी बघितलं तर सगळं कापड जमिनीवर लोळत होतं. पुन्हा हवेचाच घुमट उभारायचा की पक्कं बांधकाम करायचं यावर गावात चांगलीच जुंपली. हवेचा घुमट स्वस्त आणि लवकर होतो. पक्क्या इमारतीला पैसा आणि वर्षं लागतात, आणि तोवर मुलांना शेजारच्या गावांत न्यावं लागतं. मी त्या गावची नाही, पण मत विचाराल तर पक्क्या इमारतीच्या बाजूने आहे. सहा वर्षांची मुलगी आज सरावाला येते ती दहा वर्षांनीही यावी असं वाटत असेल, तर छप्पर दर वादळाला उडून चालणार नाही.

पुण्या-मुंबईत अकादमी चालवणारे काही जण ही पोस्ट वाचतील हे मला माहीत आहे. त्यांना माझा थेट प्रश्न आहे: तुमच्या निवड चाचणीत जी मुलं नापास होतात, त्यांच्यासाठी तुमच्याकडे संघ आहे का? मुलींचा आहे का? उत्तर कमेंटमध्ये लिहा, मी प्रत्येकाशी बोलेन. इथल्या क्लबांची फी, प्रशिक्षकांचं वेळापत्रक, एकत्र संघांचे नियम, जे हवं असेल ते विचारा. इथल्या प्रशिक्षकांना विचारून मराठीत लिहून देईन.