नाव कोरलेले ताट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘उच्च शिक्षणाने खेड्यातला माणूस जातीपलीकडे पाहू लागतो’ या माझ्या विधानावर आपण आर्णी तालुक्यातून लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आपले म्हणणे असे, की हुंडा शिकलेलाच जास्त मागतो, निवडणुकीत जातीचा मेळावा तोच भरवतो, आणि गाडगेबाबांनी कॉलेजचे तोंडही पाहिले नव्हते. मग बारावी झालेल्या मुलीला अमरावतीला ठेवून काय साधणार? यातले पहिले तीन मुद्दे मला खोडता येत नाहीत. माझे विधान सैल होते. प्रश्न मात्र तेवढ्याने सुटत नाही, कारण ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असे कीर्तनातून सांगणारेही गाडगेबाबाच होते.

1994 साली मी अमरावतीच्या एका वसतिगृहात राहायला गेलो, तेव्हा आईने माझे नाव कोरलेले स्टीलचे ताट सोबत दिले आणि दुसऱ्याच्या भांड्यात जेवायचे नाही, असे बजावले. खोलीत मेळघाटातला एक कोरकू मुलगा होता आणि दुसरा दर्यापूरकडच्या एका बौद्ध वस्तीतून आलेला. दिवाळीपर्यंत ते ताट तिघांचे झाले होते. जो मेसमध्ये आधी पोहोचे तो वरण संपायच्या आत त्यातच सगळ्यांचे वाढून घेई. त्या वर्षी राज्यशास्त्रात समतेवर एक प्रकरण होते. ते मी पाठ केले, परीक्षेत लिहिले, आज त्यातली एक ओळ आठवत नाही. सुटीत घरी गेलो तेव्हा राखेने ताट घासता घासता आईने विचारले, “हे कोणी वापरलं तर नाही ना?” मी नाही म्हणालो. खोटे बोललो याचे वाईट वाटले. वापरू दिले याचे वाटले नाही.

आता मी तालुक्याच्या गावी शिकवतो. बहुतेक मुले सकाळच्या एसटीने येतात, दोन-तीन तासिका करून दुपारच्या एसटीने परततात, आणि बसस्थानकावरसुद्धा आपापल्या गावाच्या, म्हणजे पुष्कळदा आपापल्या जातीच्या घोळक्यात उभी राहतात. तीन वर्षांनी पदवी हाती येते, संगत तीच राहते. आपल्याला दिसलेले पदवीधर यातलेच असावेत, असे मला वाटते.

अमेरिकेतल्या बेनिंग्टन या मुलींच्या निवासी कॉलेजात थिओडोर न्यूकम यांनी 1930 च्या दशकात हेच पाहिले. 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या बहुतेक मुली आईवडिलांप्रमाणे रिपब्लिकन उमेदवाराच्या बाजूने होत्या. वरच्या वर्गांत अशा मुली थोड्याच उरल्या होत्या. ज्यांचा जीव घरातच अडकलेला होता, त्या फारशा बदलल्या नाहीत. सुमारे 25 वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा बहुतेकींची नवी मते टिकलेली होती, कारण नवरा आणि मैत्रिणीही त्यांनी त्याच विचारांच्या निवडल्या होत्या.

लग्नाच्या बाबतीत तर आपलीच बाजू भक्कम करणारी गोष्ट सांगतो. दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या अभ्यासकांनी 2011-12 च्या देशव्यापी कुटुंब पाहणीतली आकडेवारी तपासली. आंतरजातीय लग्ने शंभरात सहाच्या आसपास निघाली आणि नवरा-नवरीच्या स्वतःच्या शिक्षणाचा त्यांवर ठळक परिणाम आढळला नाही. परिणाम आढळला तो नवऱ्याच्या आईच्या शिक्षणाचा. आपल्या मुलीच्या शिक्षणाचे फळ कदाचित तिच्या मुलाच्या लग्नात दिसेल, आणि तोवर आपण दोघेही म्हातारे झालेले असू. म्हणून ते निष्फळ कसे म्हणावे?

तेव्हा माझी कळकळीची विनंती अशी, की तिला रोज येणे-जाणे करायला लावू नका, वसतिगृहातच ठेवा. समाजकल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करा. शेती अल्पभूधारकात बसत असेल, तर पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना तिच्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हेही विचारून घ्या. सातबारा आणि उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलमध्ये फार गर्दी असते.