खासदारांची पेन्शन आणि मामांचा अंगठा

गेल्या नोव्हेंबरात मामांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत घेऊन गेलो होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील फौंड्रीत तीस वर्षे साचे भरून त्यांच्या बोटांवरच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत, की यंत्राने चार वेळा अंगठा नाकारला. "मी हुबा हाय न्हवं समोर, मग आनि कसला दाखला?" असे त्यांनी अगदी शांतपणे विचारले. शेवटी मोबाईलवर चेहरा टिपून काम झाले. हा सारा खटाटोप महिना दोन हजारांच्याही आतल्या पेन्शनसाठी होता.

त्याच रांगेत एका गृहस्थांनी व्हॉट्सअॅपवरचा मजकूर वाचून दाखवला, की खासदार जितक्या वेळा निवडून येतो तितक्या पेन्शनी त्याला मिळतात. हे खरे नाही. पंजाबने २०२२ मध्ये आमदारांची प्रत्येक जादा कार्यकाळामागे वाढणारी पेन्शन बंद केली. तिथून हा घोळ झाला असावा. माजी खासदाराला पेन्शन एकच असते. सध्या ती दरमहा ३१,००० रुपये असून पाच वर्षांपुढील प्रत्येक वर्षासाठी तीत २,५०० रुपयांची भर पडते. म्हणजे पाच पूर्ण कार्यकाळ केलेल्याला ८१,००० रुपये. ती व्यक्ती पूर्वी आमदार असेल, तर ती पेन्शन वेगळी आणि तीही सोबत चालू राहते.

पेन्शनची ही तरतूद खासदारांच्या वेतन-भत्त्यांच्या मूळ १९५४ च्या कायद्यात नव्हती; ती १९७६ मध्ये आली. सुरुवातीला तिला किमान सेवेची अट होती, ती २००४ च्या दुरुस्तीने काढली गेली, त्यामुळे आता थोडेच दिवस सभागृहात बसलेला सदस्यही पूर्ण ३१,००० रुपयांना पात्र ठरतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा, २०१८ मध्ये, या पेन्शनला आव्हान देणारी याचिका फेटाळली गेली.

माझा आक्षेप पेन्शन असण्याला नाही. राजकारणात उमेदीची वर्षे घालवून म्हातारपणी हातात काही न उरलेली माणसे आपल्या जिल्ह्याने पाहिली आहेत, आणि पैसेवाल्यांनीच निवडणूक लढवावी असे मला मुळीच वाटत नाही. खासदार या पेन्शनसाठी पगारातून एक रुपयाही भरत नाहीत, हेसुद्धा मी एक वेळ सोडून देईन.

मला खुपते ती २०१८ ची दुरुस्ती. तिने खासदारांचे वेतन आणि पेन्शन प्राप्तिकर कायद्यातील महागाई निर्देशांकाला जोडली, आणि दर पाच वर्षांनी ती आपोआप वाढेल अशी सोय केली. त्यानुसारच मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघून २५,००० चे ३१,००० झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागील फरकासह. कोणाला मोर्चा काढावा लागला नाही. उलट मामांसारख्या खासगी कामगारांच्या ईपीएस-९५ या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतील किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली ती तिथेच थांबली, आणि ती ७,५०० करावी म्हणून सत्तरीतली माणसे उन्हात धरणे धरून बसतात. महागाई वाढते हे संसदेला स्वतःपुरते मान्य आहे, मग शिरोलीच्या कामगाराची भाजी कोणत्या दराने येते असे तिला वाटते?

जो निर्देशांक खासदारांच्या पेन्शनला लावला तोच ईपीएसलाही लावावा, एवढीच मागणी करणारे पत्र मी कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांना पाठवले आहे. उत्तर आले की इथेच टाकीन.