आठवडा न सांगता ग्रेड सांगू नका

गरोदरपणातल्या वारेवरच्या, म्हणजे पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटावरच्या, तुमच्या लेखातलं एक वाक्य फार खटकलं (सोनोग्राफीत वार किती पिकलेली दिसते, त्याची ग्रेड देतात): 'वार तिसऱ्या ग्रेडला गेली की ती म्हातारी झाली, मग बाळंतपण लांबवू नये.' अशानं बायका घाबरतात हो! माझ्या लेकीच्या सोनोग्राफीत ३७व्या आठवड्यात ग्रेड ३ आली. सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातल्या घरी पोचेपर्यंत पोरीचे हात गार पडले होते. शेजारच्या मावशी म्हणाल्या, उद्याच सिझर करून टाका. डॉक्टरीणबाईंनी मात्र फिल्मवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर बोट ठेवून सांगितलं, हे कॅल्शियम आहे, दिवस भरत आले की बऱ्याच जणींच्या वारेत साचतं. मग बाळाचं वजन, गर्भजल, नाळेतला रक्तप्रवाह पाहिला. सगळं नीट होतं. ३९व्या आठवड्यात नात झाली, २ किलो ९०० ग्रॅमची.

हीच ग्रेड ३२व्या आठवड्याआधी दिसली, त्यात बीपी असेल किंवा बाळाची वाढ मागे पडली असेल, तर गोष्ट वेगळी. तिथं अजिबात हयगय नको. ० ते ३ ही प्रतवारी १९७९ पासूनची आहे, पण कितवा आठवडा ते माहीत नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. लेखात तेवढी दुरुस्ती कराच.