२५२० चा चमत्कार म्हणे! सहावीचं पुस्तक काढा आधी

परवा रात्री कोथरूडच्या काकूने २५२० या संख्येवरचा मेसेज फॅमिली ग्रुपवर टाकला, सकाळपर्यंत अर्ध्या खानदानाने हात जोडले, आणि आता सहावीतला पुतण्या विचारतोय, काका, २२ डिसेंबरच्या गणित दिनाला भाषणात हेच सांगू का? म्हणून लिहितोय, नाहीतर असले फॉरवर्ड मी उघडतही नाही.

मेसेज असा: २५२० ही जगातली सगळ्यात विचित्र संख्या, १ ते १० सगळ्यांनी भाग जातो, सम आणि विषम दोन्हींनी भाग जाणारी अशी दुसरी संख्याच नाही, रामानुजन यांनी शोधली तेव्हा जग थक्क झालं, आणि रहस्य काय तर आठवड्याचे ७ दिवस × महिन्याचे ३० × वर्षाचे १२ महिने.

सम आणि विषम दोन्हींनी जाणारी दुसरी संख्या नाही?? अहो, डझनभर केळी घ्या. १२ ला २ नेही भाग जातो, ३ नेही. बरं, १ ते १० सगळ्यांनीच हवा असेल तर ५०४० घ्या, ७५६० घ्या, २५२० च्या पाढ्यात कुठेही बोट ठेवा. त्यातली सगळ्यात लहान २५२०, बास, एवढंच खरं. आणि ती काढायला रामानुजन कशाला, लसावि (लघुतम साधारण विभाज्य) पुरतो: ८ × ९ × ५ × ७, त्यात २, ३, ४, ६, १० आपोआप आले. लसाविची रीत युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराला लिहून ठेवलीय. ११ ने भागायला गेलात की बाकी १, चमत्कार खलास. १ ते २० साठी २३,२७,९२,५६० लागते, तिचं स्तोत्र मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

७ × ३० × १२ चं म्हणाल तर भिंतीवरचं कॅलेंडर बघा, सगळे महिने ३० चे कुठे असतात? आणि दिवसांना दिवसांनी गुणून काय मिळतं ते मेसेजवाल्यालाच ठाऊक. ३६० ला १ ते १० मधल्या ७ सोडून सगळ्यांनी भाग जातो, ७ ने गुणलं की तोही आला, संपलं रहस्य.

आता रामानुजन यांचं. संबंध आहे, नाईलाजाने मान्य. स्वतःहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जिला जास्त विभाजक असतात अशा संख्यांवर त्यांचा १९१५ चा मोठा पेपर आहे, लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्ज या नियतकालिकात, आणि त्यातल्या यादीत २५२० सुद्धा आहे, ४८ विभाजकांसकट. पण ती यादी जाते कुठवर माहितीये? ६७,४६,३२,८३,८८,८०० पर्यंत, म्हणजे पावणेसात लाख कोटी, विभाजक १०,०८०, आणि हे सगळं कॅल्क्युलेटरशिवाय! अख्ख्या यादीत एकच हुकली, २,९३,३१,८६,२५,६००. एवढं केलेल्या माणसाला तुम्ही लसाविचं श्रेय देता?

पुतण्याला सांगितलंय, भाषणात ही हुकलेली संख्या घे आणि फळ्यावर तिला २३ ने गुणून दाखव, यादीतली शेवटची संख्या समोर येते. काकूला ग्रुपवर लसावि करून पाठवला, तिने त्यालाही हात जोडलेत.