खरी गोम मुदतीत आहे
अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीने डॉलरमागे एक सेंट विक्रीकर लावून कालवा, बेसबॉलचं स्टेडियम, बागा उभारल्या, हे तुमच्या त्या शहरावरच्या लेखात छान आलंय. पण खरी गोम मुदतीत आहे. १९९३ साली मतदारांनी हा कर ठरावीक वर्षांपुरताच मंजूर केला. पैसे जमतील तशी कामं, कर्ज नाही. पुढच्या योजनेला पुन्हा मतदान. तिथली ७० एकरांची बाग, सिझरटेल पार्क, २००९ च्या मतदानातली, पुरी व्हायला २०२२ उजाडलं. (झाली तरी!) लेखातून एक मात्र सुटलंय. ओक्लाहोमा राज्याने २०२४ मध्ये किराण्यावरचा आपला कर काढला, शहराचा तसाच आहे. म्हणजे बागेचे पैसे दूध-पावाच्या बिलातूनही कापले जातात, आणि ते गरिबालाच जास्त टोचतात. आणि आपल्याकडे? मुंबईची जकात २०१७ ला गेली, तेव्हापासून पालिका राज्याच्या भरपाईकडे डोळे लावून बसलीय. मतदान वगैरे लांबच.